ओतलेला नंबर आणि ठोकलेला नंबर

दिवाळीच्या आधी मामाचा फोन आला. "पोरी, गोठा पाडून नवा बांधाय घेतलाय. जीपचं जुनं इंजान तिथंच पडलंय कडब्याखाली. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू?"

मी म्हटलं, "मामा, हात लावू देऊ नकोस कुणाला. रविवारी येते."

मामाचं गाव गडहिंग्लजजवळ. ती जीप माझ्या आजोबांनी एक्कावन्न साली डिस्पोजलच्या, म्हणजे सैन्यानं काढून टाकलेल्या, मालातून घेतली. आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलो, 'ही मिलिटरीची हाय, लढाईतली हाय.' ऊस, गूळ, संकेश्वरचा बाजार, वऱ्हाडं, बाळंतिणी, सगळं तिनं वाहिलं. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा थोरल्या मामानं त्यात डिझेल इंजिन बसवलं. जुनं पेट्रोल इंजिन उतरवून गोठ्यात ठेवलं ते चाळीसेक वर्षं तिथंच. ते कुठलं, कधीचं, जीपबरोबर आलेलं की मधेच कुणी बदललेलं, हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहायचं तर कुठं पाहायचं हेही कुणाला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. मी पॅटर्नमेकर आहे. पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून ओतकामाचा साचा उठवायचा नमुना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांनी सुरू केलेलं पॅटर्नशॉप मी एकतीस वर्षं चालवतेय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना आमचे पॅटर्न जातात. बिडाच्या कुठल्याही जॉबवर, म्हणजे ओतीव भागावर, ओतलेला नंबर दिसला की माझा हात आपोआप तिथं जातो. तसले नंबर पॅटर्नवर मीच बसवते ना.

म्हणून आधी हे सांगते, कारण जुन्या गाड्यांच्या नादात असलेली माणसंसुद्धा इथंच गोंधळतात. इंजिनच्या ब्लॉकवर दोन जातीचे नंबर असतात. एक ओतलेला, एक ठोकलेला. ओतलेला नंबर पृष्ठभागावर उठून आलेला असतो. पॅटर्नवर पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे आकडे स्क्रूनं बसवायचे, त्यावर वाळू दाबायची, की साच्यात त्यांची उलटी छाप पडते. वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला की लोखंडात तेच आकडे पुन्हा सुलटे उभे राहतात. हा नंबर रसाबरोबर जन्मतो. ठोकलेला नंबर आत गेलेला असतो. ब्लॉकचं मशिनिंग झालं, इंजिन जुळलं, की सपाट केलेल्या जागेवर पंच आणि हातोडीनं तो मारतात. आरसी बुकात असतो तो हाच. पंच तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ठोकलेला नंबर घासून दुसरा मारायला तासभर पुरतो. ओतलेला नंबर बदलायचा तर तो छिनून काढावा लागेल, आणि नवे आकडे उठवायला त्या जागी लोखंड कुठून आणणार?

रविवारी गेले. इंजिन गोठ्यातून काढून अंगणात फरशीवर ठेवलेलं. वर शेण, कडब्याचा भुसा आणि तेलात मुरलेली माती, बोटभर जाड. शनिवारी संध्याकाळीच मामाला रॉकेल शिंपडून पोतं झाकून ठेवायला सांगितलं होतं. रात्रभरात माती चांगली सैल झाली. त्यावर पितळी तारांचा ब्रश मारला. ग्राइंडरला तारांचं चाक लावून घासायचा मोह अनेकांना होतो. कृपा करून लावू नका. ओतीव आकड्यांच्या कडा एकदा बोथट झाल्या की परत येत नाहीत.

जीपच्या या इंजिनला उजव्या अंगाला पुढच्या बाजूला तेल ओतायची नळी असते. ओतलेला नंबर तिच्या मागे, आडबाजूला. तिथंच सगळ्यात जास्त घाण साठते आणि त्या घाणीनंच नंबर गंजण्यापासून वाचतो. नळी सोडवली, खरवडलं, फडक्यानं पुसलं. तरी आकडे वाचता येईनात. खडबडीत बिडावर सगळंच सारखं दिसतं. तेव्हा लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं केलं. बटर पेपरचा तुकडा नंबरावर घट्ट धरला, चार-बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली. मामाचा नातू शेजारी उकिडवा बसून वाचत होता.

"आत्या, सहा, आठ, तीन... नाही, सहा, तीन, आठ... मग आठ?"

त्याची चूक नव्हती. इंग्रजीतले तीन, सहा आणि आठ ओतकामात सख्खी भावंडं होतात. तीनच्या उघड्या बाजूला वाळूचा कण निसटला आणि रस शिरला की तो आठ. आठच्या एका पोटात खड्डा राहिला की तो सहा किंवा तीन. अशा वेळी एकाच कागदावर विसंबायचं नाही. मी तीन ठसे घेतले. मग त्याला टॉर्च दिला आणि सांगितलं, समोरून नको, अगदी ब्लॉकला टेकवून बाजूनं उजेड पाड, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तिरप्या उजेडात आकड्यांच्या सावल्या पडल्या आणि शेवटी नंबर उभा राहिला: ६३८६३२.

माझ्या अंगावर काटा आला. युद्धकाळातल्या विलीजच्या ब्लॉकचा नंबर आहे हा.

थोडं मागचं सांगायला हवं. अमेरिकन सैन्यासाठी ही छोटी चारचाकी १९४१ पासून ओहायोतल्या टोलेडोमध्ये विलीज-ओव्हरलँड बनवत होती. तिचं नाव एमबी. एकट्या विलीजकडून मागणी भागेना, म्हणून १९४१ च्या अखेरीस सैन्यानं फोर्डलाही त्याच नकाशावर गाडी बनवायला सांगितलं. फोर्डच्या गाडीचं नाव जीपीडब्ल्यू. त्यातला जी म्हणजे सरकारी काम, पी म्हणजे ऐंशी इंची व्हीलबेस, आणि डब्ल्यू म्हणजे विलीजच्या आराखड्याचं इंजिन. युद्ध संपेपर्यंत विलीजनं साडेतीन लाखांवर आणि फोर्डनं पावणेतीन लाखांवर गाड्या काढल्या. इंजिनाचा आराखडा एकच: चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २२०० सीसी, साठ हॉर्सपॉवर. पण ओतकाम वेगळं. फोर्ड आपल्या ब्लॉकवर आपल्या पद्धतीनं 'जीपीडब्ल्यू ६०१५' ओतत असे. दोन कारखान्यांत दोन पॅटर्न, म्हणून अंगावरची भाषाही दोन तऱ्हेची.

आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये आणखी एक घोळ असतो. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षं आपल्या रस्त्यांवर जे पेट्रोल इंजिन धावलं ते हरिकेन. त्याच घराण्यातलं, पण नंतरच्या पिढीतलं. ते ओळखायला नंबरसुद्धा लागत नाही. हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये वर असतात, म्हणून त्याचं डोकं उंच. आमच्या इंजिनाचं हेड भाकरीच्या काठवटीवर ठेवलेल्या ताटासारखं चपटं. आठही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, बाजूला. म्हणजे हे आधीचं, साइड व्हॉल्व्हवालं.

पण नुसत्या ६३८६३२ वर 'लढाईतलं' म्हणून शिक्का मारता येत नाही. युद्ध संपल्यावर विलीजनं शेतकऱ्यांसाठी जी जीप काढली, सीजे-टू-ए, तिच्या सुरुवातीच्या गाड्यांतही हाच ब्लॉक गेला. का जाऊ नये? फौंड्रीत पॅटर्न तयार असतो, तो चालतो तोवर चालवतात. युद्ध थांबलं म्हणून कुणी पॅटर्न बदलत नाही. ओतलेला नंबर जॉब कुठल्या पॅटर्नमधून निघाला ते सांगतो. त्या जॉबचं पुढे काय झालं, हे त्याला माहीत नसतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या शेव्हरोलेटच्या व्ही-एट इंजिनाचं. तिथं या नादाचं मोठं शास्त्रच झालंय. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स बसतो त्या कडेवर, ड्रायव्हरच्या अंगाला (तिकडे ते डावं) कास्टिंग नंबर, म्हणजे ओतलेला नंबर, असतो. ३९७००१० हा त्यातला फार प्रसिद्ध. १९६९ साली या एकाच नंबरच्या ब्लॉकमधून ३०२, ३२७ आणि ३५० घनइंचाची तीन इंजिनं निघाली. तिघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, चार इंच, फक्त क्रँकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, वेगळा. बाहेरून ब्लॉक तोच. दुसऱ्या अंगाला ओतकामाची तारीख. महिन्याला एक अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९. पण नुसता नऊ म्हणजे एकोणसत्तर की एकोणऐंशी, ते बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. आणि पुढे उजवीकडच्या पॅडवर ठोकलेला कोड: कुठल्या कारखान्यात, कुठल्या तारखेला जुळलं, कुठल्या गाडीसाठी. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. या तारखा त्याच क्रमानं यायला हव्यात. जुळणीची तारीख ओतकामाच्या आधीची निघाली तर तिथं कुणीतरी हात मारलाय.

तारखेचं मला विशेष कौतुक, कारण तो छोटा तुकडा पॅटर्नवर रोज बदलावा लागतो. सकाळी मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे, कामाला लागायच्या आधी कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कालचा दिवस काढून आजचा बसवायचा. आमच्याकडच्या फौंड्र्यांतही हीट नंबरचं, म्हणजे रसाच्या प्रत्येक घाण्याच्या नंबरचं, असंच चालतं. एखाद्या दिवशी तो माणूस विसरला की त्या दिवसाचे सगळे जॉब कालचे होतात.

आमच्या इंजिनाकडे परत येते. दुसरा पुरावा हवा होता. पुढचं टायमिंग कव्हर उघडलं. आत चेन. युद्धकाळातल्या या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, चेननं फिरतो. १९४६ च्या दरम्यान विलीजनं चेन काढून गिअर बसवले. गिअरनं कॅम उलट्या दिशेनं फिरायला लागतो, म्हणून ऑइल पंपाचा गिअरही बदलावा लागला. एकाचा पंप दुसऱ्याला चालत नाही. गावाकडच्या कितीतरी इंजिनांची माती या एका अदलाबदलीनं झाली असेल. आमच्यात चेन होती, म्हणजे ब्लॉक १९४१ ते ४६ मधला.

तिसरा पुरावा ठोकलेला. पुढच्या उजव्या कोपऱ्यात हेडच्या खाली सपाट केलेला उंचवटा आहे. तिथली घाण काढली तर 'एमबी' आणि पुढे सहा आकडे. सीजे-टू-ए चा असता तर सुरुवात 'जे' नं झाली असती. आता इथं माझा संशयी स्वभाव. भिंग लावून बघितलं. आकड्यांपेक्षाही त्यांच्या मागची जमीन बघायची असते. मशिनच्या कटरनं गेलेल्या बारीक समांतर रेघा त्या जमिनीवर राहतात. नंबर घासला तर त्या आधी पुसल्या जातात. अमेरिकेत शेव्हरोलेटच्या महागड्या कॅमॅरो गाडीचा खोटा शिक्का याच रेघांवरून पकडतात. मामाच्या इंजिनावर रेघा होत्या, गंजाच्या खालीसुद्धा. आकडे त्यांच्यावरून पडलेले. म्हणजे ठोकलेलं आणि ओतलेलं दोन्ही एकच बोलत होतं: युद्धातलं, विलीजचं.

मामा खाटेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे तुझा आज्जा खरं बोलत हुता."

इंजिनाबद्दल खरं होतं. मग मी जीपखाली शिरले.

विलीज आणि फोर्डची चासी ओळखायची एक अचूक खूण आहे. रेडिएटरच्या खाली पुढची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलीज, उलट्या यू आकाराच्या पत्र्याची असेल तर फोर्ड. माझ्या हाताला लागली ती यू. मग एकेक बोल्ट पुसत गेले. तिसऱ्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एफ. पाचव्यावर पुन्हा एफ. फोर्ड आपल्या बारीकसारीक भागांवरसुद्धा हे अक्षर टाकत असे. डाव्या चासीच्या वरच्या अंगाला, इंजिन माउंटिंगच्या पुढे, सहा-सात थरांच्या रंगाखाली जीपीडब्ल्यू आणि आकडे निघाले. फोर्डच्या गाड्यांत चासीचा आणि इंजिनाचा नंबर एकच असे. विलीजमध्ये दोन्ही वेगळे. तेव्हा या चासीचं जन्माचं इंजिन हे नव्हे. जीप फोर्ड, इंजिन विलीज.

मला यात काहीच विपरीत वाटत नाही. दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकांत बसावेत म्हणूनच सैन्यानं एकच आराखडा ठेवला होता. वर्कशॉपमध्ये इंजिन उतरायचं, तयार असलेलं दुसरं चढायचं, गाडी पुढे. डिस्पोजलला आली तेव्हाच हे इंजिन तिच्यात असणार असं मला वाटतं, कारण मामाच्या आठवणीत डिझेल बसेपर्यंत पेट्रोलचं इंजिन कधी बदललं गेलं नाही.

पण ही बातमी गावाबाहेर गेली आणि आठवड्यात एक जुन्या गाड्यांचा व्यापारी मामाच्या दारात. त्याचं गाव-नाव लिहीत नाही. त्याला ती 'मॅचिंग नंबर', म्हणजे चासी आणि इंजिनाचा नंबर जुळणारी, जीपीडब्ल्यू करून विकायची होती. मला फोन लावून म्हणाला, "ताई, तुमचा तर हातखंडा आहे. एमबी घासून टाका, चासीचा नंबर ठोका. जुन्या स्टाइलचे पंच माझ्याकडे आहेत. आणि तो ओतलेला नंबर मागे नळीच्या आड आहे, कोण बघतंय?"

मी रागानं थरथरत होते. इंजिनाचा नंबर असा बदलणं गुन्हा आहे, हे तर झालंच. पण त्याहून मला लागलं ते 'कोण बघतंय'. आबा पॅटर्न पाठवण्याआधी आकड्यांच्या कडा बोटानं चाचपत. एखादा आकडा हलत असेल तर अख्खा पॅटर्न परत टेबलावर. मोल्डर बघणार नाही, फेटलिंगवाला, म्हणजे ओतीव जॉब साफ करणारा, बघणार नाही, गिऱ्हाईक तर नाहीच नाही. तरी. ज्या कुणी अमेरिकन पॅटर्नमेकरनं ते सहा आकडे बसवले, त्याचंही काम नळीच्या आडच होतं. म्हणून तर ऐंशी वर्षांनी मला ते वाचता आलं. मी फोन ठेवला आणि मामाला विचारलं. मामा म्हणाला, "विकायची कुणाला हाय? आपल्याला चालू कराय पायजे."

म्हणून ब्लॉक आता माझ्या शॉपमध्ये आहे. बोअर मोजला. मूळ तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे ७९.३८ मिलिमीटर. आमचा ८०.३९ भरला. चाळीस थाउ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, ओव्हरसाइज. पुढे आणखी बोअर मारायचा नाही, आता चारही सिलिंडरना आतून स्लीव्ह, म्हणजे नव्या नळ्या, घालणार. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र इथलाच कुठला तरी नक्कल आहे. जुनाच मॅनिफोल्ड पॅटर्न म्हणून वाळूत दाबला की हे असं होतं. ओतलेला नंबर तोच येतो, पण साबण वापरून झिजावा तसा. आणि लांबीला माप कमी. बीड थंड होताना फुटाला एक अष्टमांश इंच आकसतं. म्हणून आमच्या आबांची कॉन्ट्रॅक्शनची पट्टी साध्या पट्टीपेक्षा तेवढी लांब आहे. नकलेत तेवढी वाढ कुणी धरत नाही. त्या मॅनिफोल्डची भोकं ब्लॉकच्या स्टडवर बसवायला कुणीतरी ती कानशीनं लांबट केलीत.

वॉटर जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, साफ करायला बाजूचे कोअर प्लग काढले. गॅरेजवाले त्यांना 'फ्रीज प्लग' म्हणतात आणि पाणी गोठलं की ते सुटून ब्लॉक वाचतो असं मानतात. ती भोकं आहेत आतली वाळू काढण्यासाठी. पाण्याची पोकळी वाळूच्या कोअरनं बनते, आणि ओतून झाल्यावर तो कोअर फोडून या भोकांतून बाहेर काढावा लागतो. मागच्या भोकातून गंजाचा चिखल काढताना हुकला काहीतरी अडकलं. ओढलं तर चार बोटं लांबीची तार, कोअरला आधार म्हणून घातलेली, आणि तिला चिकटलेला काळ्या जळक्या वाळूचा गोळा. बोटांत चुरला. आपल्याकडे जुन्या काळी कोअरच्या वाळूत अळशीचं तेल आणि साखर कारखान्याची मळी घालत. ओव्हनमधून कोअर निघाले की सगळं उद्यमनगर त्या वासानं भरून जायचं. या गोळ्याला आता गंजाखेरीज कसलाही वास उरलेला नाही. पण वाळूचा दाणा कोअरचाच आहे, बारीक आणि गोल. कुणीतरी फेटलिंग करताना एवढं आत राहू दिलं. ती वाळू आजोबांच्या, दोन्ही मामांच्या आणि चाळीस वर्षं गोठ्याच्या संगतीत आतच राहिली.

तार मी डबीत ठेवलीय. ब्लॉक पुढच्या बुधवारी बोअरिंगला जातोय, तिथून रंगाला. रंगाऱ्याला दोन जागा खडूनं गोल करून दाखवल्यात, एक नळीमागची, एक पुढच्या कोपऱ्यातली, आणि दोनदा सांगितलंय की तिथं पुट्टी लावायची नाही, रंगाचाही एकच पातळ हात.